सोयाबीनचं पुंजणं

माझं माहेर इकडे रायपूरच्या बाजूला, कुरुदच्या पुढे, जामुलच्या रस्त्याला लागण्याआधी, एका भर्रीवर होतं. भर्री म्हणजे उंचावरची काळी जमीन. तिथे पाणी थांबत नाही, म्हणून धान होत नाही. माहेर म्हटलं की लोकांना आई आठवते, अंगण आठवतं. माझ्या माहेरी पत्र्याची एक खोली होती, खोलीपुढे हातपंप होता आणि तिथे माझा थोरला भाऊ एकटा राहायचा. आईबाप गेले, भंडाऱ्याकडचं गावचं घर चुलतभावांकडे गेलं, वहिनीही गेली. उरला दादा. तो जिथे राहील ते माझं माहेर, इतकं साधं होतं ते.

आधीच सांगून ठेवते, मी शाळा शिकले ती हिंदीत. बोलायचं मराठी आईकडून आलं आणि लिहायचं मराठी दिवाळी अंक वाचून वाचून आलं. म्हणून लिहिताना मी जरा नीटनेटकी असते, पण चिडले की घरचं बाहेर पडते. हे सांगताना मी पुष्कळदा चिडणार आहे, तेवढं चालवून घ्या.

दादा पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला होता. कोळसा भाजून कोक करतात ती भट्टी. नोकरीतली सगळी उन्हाळ्यासारखी वर्षं त्याने त्या धगीपुढे काढली. रिटायर झाल्यावर बाकीच्यांनी सेक्टरच्या, म्हणजे प्लांटच्या वसाहतीच्या आसपास दुमजली घरं बांधली. दादा-वहिनीने भर्री घेतली. दादा म्हणे, "आपल्या रक्तातच शेती हाय, छोटी." छप्पन वर्षांच्या बाईला छोटी म्हणणारा तो जगात एकटाच. मी म्हटलं, "रक्तात शुगर हाय तुझ्या, शेती नाही. गोळ्या घेऊन राहिला का वेळेवर?" वहिनी तोंडाला पदर लावून हसली होती. त्यांनी खोलीजवळच्या तुकड्यात मका लावला आणि उरलेल्या भर्रीत सोयाबीन. आजूबाजूला सगळा धानच धान, त्यात आमचंच रान वेगळं दिसायचं.

वहिनी गेल्यावर भाचा पुण्याहून आला. तो तिथे कंपनीत आहे. चांगला पोरगा आहे, खोटं कशाला बोलू. पण बापाला एकटं ठेवायला तयार नव्हता. बोलणं लांबत गेलं, आवाज चढले, आणि शेवटी तो म्हणाला, "बाबा, एक सीझन. मका आणि सोयाबीन, दोन्ही तुमच्या हाताने नीट घरी आणून दाखवा. आणलं तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर चुपचाप माझ्यासोबत चलायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मोठा आला शर्त लावणारा! बापाची परीक्षा घेऊन राहिला का बे?"

"आत्या, मैं कोई दुश्मन थोड़े ही हूँ," तो म्हणाला. "फोन नाही उचलला बाबांनी की मला जेवण जात नाही. तू सांग, मी काय करू?"

दादाने हात पुढे केला आणि म्हणाला, "लगी शर्त." बापलेकांनी हात मिळवला. त्या दिवसापासून ते पीक माझंही झालं. दादा जिंकला तर माझं माहेर राहणार होतं.

मका आधी आला. कुवारचं, म्हणजे आश्विनातलं ऊन पडायला लागलं तसे पोपटांचे थवे उतरायचे आणि दादा डबा वाजवत धुऱ्यावरून, बांधावरून फिरायचा. कणसाचा एक दाणा काढून तो उलटा धरायचा. बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरला, आता कणीस झाडावर ठेवून उपयोग नाही. हे त्याला कृषी विभागाच्या शिबिरात कळलं होतं आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाणा दाखवत सुटला होता. मी म्हटलं, "बस कर आता, दूधवाल्यालेही पाठ झालं." आम्ही कणसं तोडली, सालं मागे ओढून जोड्या बांधल्या आणि खोलीच्या आड्याला लटकवल्या. आत पाय ठेवला की डोक्याला कणसं लागायची. दादाने भाच्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन वर धरून म्हणाला, "पाहून घे. आर्धी शर्त टांगून ठेवली हाय." तिकडून पोरगा हसला. मला इतका आनंद झाला की मी घरी जाताना स्कूटी थांबवून अर्धा किलो पेढे घेतले.

मग सोयाबीन. पानं पिवळी पडली, गळली, नुसत्या काड्या आणि शेंगा उरल्या. दादा रोज सकाळी एक झाड कानाशी धरून हलवायचा. शेंगा खुळखुळायला लागल्या की कापणी. लवकर कापलं तर दाणा ओला, उशीर केला तर दुपारच्या उन्हात शेंगा तडकतात आणि दाणे मातीत सांडतात. म्हणून दव असेपर्यंतच कापायचं. मोहन नगरच्या माझ्या घरून मी रोज उजाडताना निघायचे. आमच्या ह्यांचा डबा झाकून ठेवायचा, डोक्याला रुमाल बांधायचा आणि स्कूटीला किक मारायची. कुरुदच्या दोन बाया यायच्या, मी असायचे आणि दादा. दादा प्लांटचे जड काळे बूट घालूनच शेतात उतरायचा. "सेफ्टी पहिली," म्हणायचा. त्या बाया छत्तीसगढीत त्याची थट्टा करायच्या आणि तो त्यांना नागपुरीत उत्तरं द्यायचा. ऊन चढेपर्यंत कापणी, मग हातपंपाखाली पाय धुवायचे, चहा, भाकर. वहिनी असती तर किती रमली असती, असं रोज एकदा तरी मनात यायचं. ते मी दादाजवळ बोलले नाही.

कापणी झाली आणि घोडं अडलं. मळणीचं मशीन मिळेना. आमच्याकडे मशीनवाले धानासाठी निघतात आणि धान तर अजून हिरवा होता. ज्याच्याकडे मशीन होतं तो म्हणाला, जाळी बदलावी लागेल, माणसं गावाला गेलीत, थोडं थांबा. आम्ही थांबलो. सोयाबीनचे लहान लहान ढीग वावरात वाळत पडले होते. आणि मग ढग आले. परतीचे, काळे, जामुलच्या सिमेंट कारखान्याच्या चिमण्यांच्या वर अडकून बसल्यासारखे.

"पुंजणं घालू," दादा म्हणाला.

माझ्याही तोंडात तेच होतं. आम्ही धानवाली माणसं. धान कापला, पेंड्या बांधल्या की त्यांचं गोल, उंच पुंजणं रचायचं, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. लोंब्या आत, बुडखे बाहेर, वर टोकदार शेंडा. तसं पुंजणं महिना महिना राहतं, पाऊस वरून ओघळून जातो, दाण्याला काही होत नाही. बापाने रचलेलं पुंजणं लोक वाट वाकडी करून पाहायला यायचे. दादाला ते सगळं हाताने आठवत होतं. ढग गडगडत होते आणि आम्ही दोघं भाऊबहीण धावून धावून रचत होतो. मी खालून भारे द्यायचे, तो वर उभा राहून दाबायचा. दाब, अजून दाब, हवा जायला जागा नको! शेवटी प्लांटमधल्या कोणाकडून तरी मिळालेली जाड ताडपत्री वरून जमिनीपर्यंत ओढली आणि दोरीने आवळली. शेजारचे धानवाले आले, पुंजण्याभोवती फिरले आणि म्हणाले, क्या बात है, ऐसा तो हमारे बाप भी नहीं बनाते थे. दादाची छाती बघायची होती. मलाही बापाची आठवण येऊन भरून आलं.

सोयाबीन म्हणजे धान नव्हे, हे आम्हाला कोण सांगणार होतं? सांगणारेही धानवालेच. सोयाबीनची काडी बाहेरून वाळलेली दिसते आणि आत ओल धरून असते. तिला वारा लागतो. दाबून, झाकून ठेवली की ती आतल्या आत तापायला लागते. आम्ही तिला मायेने गुंडाळून ठेवलं. जळलं मेलं आमचं शहाणपण!

पाऊस लागला तो उघडायचं नाव घेईना. रस्त्यावर पाणी, स्कूटी काढायची सोय नाही. दादाचा फोन यायचा, सकाळी आणि संध्याकाळी. "हात घालून पाहिला, छोटी. कोपरापर्यंत. आतमध्ये एकदम थंडा. एक थेंब गेला नाही." मी निश्चिंत व्हायचे. कारण तो दादाचा हात होता. धग ओळखायला त्याच्या हाताइतका भरवशाचा हात आमच्या घरात दुसरा नव्हता. त्या हाताच्या किती गोष्टी! उकळत्या चहाचं भांडं तो चिमट्याशिवाय उचलायचा. तव्यावरची भाकर बोटांनी उलटायचा आणि आमची पोरं टाळ्या वाजवायची. वहिनी ओरडायची, तो म्हणायचा, "कोक ओव्हनचा हात हाय, याले काय होते." अलीकडे त्या हातावर फोड दिसायचे. ग्लास सुटून पडायचे. मी रागवायचे, तो तेच वाक्य ऐकवायचा, आणि मला हसू यायचं.

पाऊस थांबला त्या सकाळी मी पोचले तेव्हा दादा हातपंपावर होता. "ये, ये, पाहून घे आपलं पुंजणं. मशीनवाला उद्या येऊन राहिला." मी तिकडे गेले. जवळ जाताच वास आला, आंबट, कोंदट. मनात पाल चुकचुकली. कोपऱ्यातली दोरी सोडली, ताडपत्री वर केली आणि हात आत घातला.

"ओ माय!" मी हात झटक्यात बाहेर ओढला. आत चुलीवरून आत्ता उतरवलेल्या भातासारखं गरम होतं.

"काय झालं वो?" दादा हात पुसत आला.

"आतमध्ये भट्टी पेटली हाय, दादा!"

"काहीतरीच. आत्ताच तर पाहिलं मी." त्याने बाही सरकवली आणि हात घातला. शांतपणे, कोपरापर्यंत. "थंडा तर हाय न."

"मस्करी नको करू."

"मस्करी कायले करू? हे पाय, थंडा हाय."

मी त्याचा हात धरला आणि माझाही हात त्याच्यासोबत आत नेला. मला तो ठेवता येईना. बोटं चुरचुरायला लागली, मी काढून घेतला. त्याचा हात तसाच आत होता. तो माझ्याकडे पाहत होता, मी कावून इतकी घाबरली ते त्याला समजत नव्हतं. मी दोन्ही हातांनी दोऱ्या ओढल्या आणि ताडपत्री फाडल्यासारखी खाली काढली. पुंजण्यातून वाफ निघाली. सकाळच्या थंड हवेत ती पांढरी वाफ सरळ वर चढली.

दादाने वाफेकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं. तो हात अजूनही वाफेतच होता. त्याने तो सावकाश बाहेर काढला, उलटसुलट केला आणि आपल्या गालाला लावला. 

"गरम हाय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांच्या सगळ्या गोष्टी, ती चहाची भांडी, त्या भाकरी, त्या पोरांच्या टाळ्या, एका क्षणात उलट्या झाल्या. त्यातल्या किती खऱ्या होत्या आणि कधीपासून तो हात मेलेला होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पुंजणं उपसलं. आतल्या शेंगांवर पांढरी बुरशी, दाणे काळे, काहींना तर मोड आलेले. कुरुदच्या बाया ते उन्हात पसरत होत्या. दुसऱ्या दिवशी मशीनवाला आला, त्याने मूठभर दाणे हातात घेतले, वास घेतला आणि मशीन सुरूच केलं नाही. दादा एका बाजूला बसून होता.

ऊन उतरल्यावर तो मला म्हणाला, "छोटी, पावसाने गेलं म्हणजो. साऱ्याइचं गेलं म्हणजो. पाऊस पडला तर शर्त थोडीच मोडते. पोरगा समजदार हाय, अजून एक सीझन देईन."

खरंच दिला असता. मला माहीत होतं. पाऊस कोणाच्या हातात असतो? आणि मला ते किती हवं होतं, ते कसं सांगू. मी मान हलवली. म्हटलं, हो, पावसाने गेलं. उद्या पुन्हा स्कूटी काढायची, पुन्हा या हातपंपावर पाय धुवायचे, पुन्हा कोणीतरी छोटी म्हणणार. मला एवढंच पाहिजे होतं. देवाशपथ सांगते, मी जास्त काही मागितलं नव्हतं.

मग, हाताला समजत नाही तर पायाला तरी काय समजत असेल, असं मनात आलं, आणि मी उठले आणि म्हटलं, "बूट काढ."

"कायले?"

"काढ म्हणते न!"

त्याने काढले नाहीत, मीच बसून ओढले. डाव्या बुटातून मोजा निघेना. तळव्याला चिकटला होता. पाणी लावून लावून सोडवला तेव्हा खाली जखम दिसली, खोल, कडेने काळसर. बुटाच्या तळातून एक खिळा वर आलेला होता. त्या खिळ्यावर तो कापणीभर चालला होता, पुंजण्यावर उभा राहून नाचला होता. "हे कवा लागलं?" मी विचारलं. तो पायाकडे वाकून पाहत राहिला, आणि म्हणाला, "कोणाले ठाऊक."

मी भाच्याला फोन लावला. दादाच्या समोरच. पावसाचं एक अक्षर बोलले नाही. हाताचं सांगितलं, पायाचं सांगितलं, चुलीवर भाजून आलेल्या फोडांचं सांगितलं. म्हटलं, तुझ्या बापाचा हात जळला तरी त्याले समजत नाही, तू येऊन त्याले घेऊन जा. बोलता बोलता माझा आवाज फाटला. पलीकडे पोरगा रडत होता.

फोन ठेवला तेव्हा दादा माझ्याकडे पाहत होता. "तू बी, छोटी?" एवढंच म्हणाला.

मग मात्र मी ओरडले. "हो, मी बी! तू या खोलीत जळून मेला तर मी काय करू? कोणाच्या घरी जाऊ मी? सांग न!" मी तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडले, आणि त्याने मला गप्प केलं नाही. लहानपणापासून तसं पहिल्यांदाच झालं.

डॉक्टरांनी सांगितलं, साखरेने नसा गेल्या आहेत, गेलेल्या परत येत नाहीत, पायाची जखम भरेल पण यापुढे एकटं ठेवू नका. दिवाळीपर्यंत दादा माझ्याकडे मोहन नगरला राहिला. फार बोलायचा नाही. खिडकीशी बसून मक्याची कणसं सोलायचा, मी बोटांवर लक्ष ठेवायचे, आणि त्याला माझं लक्ष ठेवणं आवडायचं नाही. भर्री कुरुदच्या एकाला अधियावर, अर्ध्या वाट्याने दिली. शेजारच्या तुकड्यात चुन्याच्या रेषा पडल्यात, प्लॉट पाडून राहिले. आमचीही कधीतरी जाईलच.

भाऊबीज झाल्यावर भाचा न्यायला आला. रायपूरहून विमान होतं. जाता जाता दादा म्हणाला, एकदा वावर पाहून जाऊ. टॅक्सी धुऱ्याशी उभी केली, मी स्कूटीने मागोमाग आले. तो खाली उतरला नाही. पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेतून पलीकडे वावराकडे पाहत राहिला. वावरात कापलेले खुंट होते आणि जिथे पुंजणं होतं तिथे काळा गोल डाग राहिला होता. भाचा खोलीला कुलूप लावायला गेला. मी दादाच्या बाजूने खिडकीशी उभी होते. त्याचा हात खिडकीबाहेर होता. तो मी माझ्या हातात घेतला, घट्ट धरला, छातीशी धरला. तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं, म्हणून मी बोलले नाही. भाचा आला, मागे बसला, ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

दादाची नजर अजून वावराकडेच होती.

"थांब बाप्पा जरासा," तो ड्रायव्हरला म्हणाला. "छोटी कुठे गेली? तिच्या डोक्यावर हात तर ठेवू दे."

मी तिथेच होते. त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत होता.